जूनमधला बाण

"आता सरांनी दोन शब्द बोलावेत, अशी मी त्यांना विनंती करते," असं म्हणून मी घड्याळ बघितलं. सात वाजून दहा मिनिटं.

शिंत्रे सरांचे दोन शब्द म्हणजे किती, हे आमच्या सांगलीत सगळ्यांना ठाऊक होतं. एका कोजागरीला सर बोलायला उभे राहिले तेव्हा पातेल्यात दूध होतं. खाली बसले तेव्हा बासुंदी झाली होती. आज तर खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता आणि समोर अख्खा हिमालय. दीड तास तरी जाईल, असा माझा अंदाज होता. मला सव्वातीन हवे होते.

नारळ मी सांगलीहून आणला होता. लोकरी मोज्यात गुंडाळून, सॅकच्या तळाशी, अकरा हजार फुटांवर. वाटेत बाळू कोष्टीनं सॅक उचलून बघितली आणि म्हणाला, "आक्का, नारळ कशाला वो? एवढ्या वजनात दोन किलो शेंगदाणे आले असते."

"मंडळाला पंचवीस वर्षं झाली बाळू. सरांचा सत्कार शेंगदाण्यांनी करू काय?"

"करा की. निदान खाता तरी येतील."

हिमाचलात धाराटी म्हणून गाव आहे. त्याच्या वर मेंढपाळांच्या कुरणात आमचे पाच तंबू होते. कापडावरचं दव गोठून पापडासारखं कडक झालं होतं. आम्ही नऊ जण सुळका गिरिभ्रमण मंडळाचे आणि दहावा प्रेमसिंह. तो धाराटीचा मेंढपाळ; उन्हाळ्यात वाटाड्याचंही काम करायचा. सगळे सरांकडे बघत होते, हा एकटा उन्हाकडे. पलीकडच्या कड्याच्या टोकावर ऊन आलं होतं आणि हळूहळू खाली उतरत होतं.

तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दीदी, देर हो रही है."

"होऊ दे," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उन्हाकडे.

आम्हाला त्या दिवशी भेडू नाला ओलांडायचा होता. हिवाळ्यात दोन्ही बाजूंच्या उतारांवरून बर्फाचे लोट येऊन या नाल्यात पडतात आणि नाला पार बुजतो. मग उन्हाळा लागला की पाणी खालून बोगदा पाडतं आणि वर उरतो तो बर्फाचा पूल. जूनमध्ये दिसायला तो एखाद्या हमरस्त्यासारखा रुंद असतो. आतून किती पोखरलाय, ते खालच्या पाण्यालाच माहीत. पहाटे गोठलेला असतो तेव्हा त्याच्यावरून अख्खा कळप जातो. ऊन लागलं की मऊ पडायला लागतो.

त्याआधीचे दोन जून मी एकटी तिथं येऊन काठावर बसले होते. वही घेऊन, काठी घेऊन. सहा वाजता काठी दोन बोटं आत जायची. नऊला वीतभर. अकराला हातभर. एक वाजता मुठीपर्यंत, आणि काठी काढली की त्या भोकातून पाणी ऐकू यायचं. तेरा दिवसांची नोंद आहे माझ्याकडे. ढगाळ हवा असली तर तासाभराचा फरक पडतो.

तंबूंपासून नाल्यापर्यंत अडीच तास. पाचला निघालं की साडेसातला पोचतो. मला शिंत्रे सर तिथं एक वाजता हवे होते.

मी हळदीच्या अडत दुकानात बसते. सौद्याला आलेला माणूस ढिगात हात घालतो त्याच्या आधी मी त्याचा चेहरा बघून घेते. हा बोलीत वर चढणार की निघून जाणार, ते बहुतेक वेळा तिथंच कळतं. सरांचा चेहरा तर मी चार वर्षं बघत होते. त्यांना स्तुती लागते आणि ती चारचौघांत लागते. एवढं माहीत असलं की त्यांना कुठंही नेता येतं. मोहीम जूनमध्ये काढायची हे माझंच डोकं. सर शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, त्यामुळे त्यांचा हिमालय कायम दिवाळीच्या सुट्टीतला, कोरडा. जूनला ते का कू करत होते. मी म्हणाले, "सर, रौप्यमहोत्सव तुमच्याशिवाय? मग सत्कार कुणाचा करायचा? लोंढ्यांचा?" तेव्हा सर मंडळाचे अध्यक्ष होते आणि विनायक लोंढे उपाध्यक्ष. सर दुसऱ्या दिवशी बुटांचं माप द्यायला गेले.

"...तर मित्रहो, डोंगर म्हणजे काय?" सर विचारत होते. "डोंगर म्हणजे शिस्त!"

"झालं," बाळू माझ्या कानाशी म्हणाला. "आता शिस्तीवरनं शिवकाळात जाणार. तिथनं तासभर परत येत न्हाईत."

तृप्ती मगदूम मागं उभी राहून हात चोळत होती. दातांची डॉक्टर, आमच्यातली सगळ्यात धाकटी, आणि वेळेची पक्की. "सुलूआक्का, पाचला निघायचं ठरलं होतं ना? पत्रकात तुम्हीच लिहिलंय."

"सत्कार रोज होतो का गं?"

"पण बर्फ..."

"सर आहेत की. त्यांच्याएवढा अनुभव कुणाला आहे?"

सर नऊला पाच कमी असताना थांबले. मग मी प्रत्येकाला सरांविषयी एकेक आठवण सांगायला लावली. लोंढ्यांनी तीन सांगितल्या. मग नारळ फोडला, खोबरं वाटलं, फोटो काढले. शाल उन्हात नीट दिसेना म्हणून सरांनीच पुन्हा काढायला लावले. आम्ही चालायला लागलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

सर माझ्या बरोबरीनं चालत होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण चाल कडक. तासाभरानं म्हणाले, "सुलोचना, एक बोलू?"

"बोला ना सर."

"तू मनात काही ठेवलं नाहीस. भरतेशचं एवढं होऊन तू मंडळात आलीस, चिटणीस झालीस, आज माझा सत्कार केलास. याला मोठेपण लागतं."

"तुमच्याकडनंच शिकलो सगळे," मी म्हणाले.

भरतेश माझा धाकटा भाऊ. पाच वर्षांपूर्वी, जूनमध्येच, दोन मित्रांबरोबर तो इथं आला होता. मित्रांना उंची बाधली, ते धाराटीत राहिले, आणि हा "खिंड बघून येतो" म्हणून एकटा वर गेला. भेडू नाल्यावरचा पूल त्याच्या पायाखाली फुटला. समोरच्या उतारावर प्रेमसिंह मेंढरं चारत होता. त्यानं बघितलं आणि पळत सुटला. खालच्या अंगाला, पाणी बाहेर पडतं तिथून त्यानं त्याला ओढून काढलं. तोवर उशीर झाला होता.

शोकसभेत सर बोलले. मग मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांनी दोन पानं लिहिली. त्यातलं एक वाक्य आमच्या घरात राहायलाच आलं. "भरतेशने वाट सोडली; आणि वाट सोडणाऱ्याला हिमालय क्षमा करत नाही." आई शिकलेली नाही फार, पण तिनं ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "वाट सोडली म्हणजे काय हो? कशाला सोडली असेल त्यानं?" आता पाचव्या वर्षीही विचारायची. भाजीवालीला विचारायची. माझ्या भावाचं मरण एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला ठेवलं, तर आईला वाक्यच जास्त लागलं होतं. कारण मेलेल्याला कुणी नावं ठेवत नाही. हे नावं ठेवणं होतं, छापून.

वर्षभरानं मी धाराटीला आले तेव्हा प्रेमसिंहनं मला नाल्यावर नेलं. मी त्याला विचारलं, त्यानं वाट कुठं सोडली ते दाखव. त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, दीदी, तो तर बाणावरच होता.

बाण म्हणजे काय ते सह्याद्रीत फिरणाऱ्याला सांगायला नको. किल्ल्याच्या वाटेवर ऑइलपेंटनं दगडावर बाण काढायचा, खाली मंडळाचं नाव टाकायचं. पुढच्यानं ते बघत बघत जायचं. आपल्याकडे हे चालतं, कारण आपल्याकडे वाट जागची हलत नाही. पावसाळ्यात निसरडी होते, उन्हाळ्यात तापते, पण असते तिथंच. इथं वाटेला दोन पत्ते आहेत. दिवाळीच्या सुमाराला नाला उघडा असतो, पाणी घोट्याएवढं, तेव्हा लोक खाली उतरून दगडांवरून पलीकडे जातात. जूनमध्ये वरच्या धारेनं दीड तासाचा वळसा घालून, नाला अरुंद होतो तिथं लाकडं टाकलेली आहेत त्यावरून जातात. त्या वाटेवर मेंढपाळांनी लगोरीसारखे दगड रचलेले असतात. शिंत्रे सर ऑक्टोबरात आले, पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आले, आणि खालच्या वाटेवर बाण काढून गेले. सुबक बाण, ड्रॉइंग मास्तरांचा हात. आणि मग पत्रकात लिहिलं, 'बाण पाहत जावे, वाट बिनचूक आहे.' महिना कुठला, ते लिहिलं नाही.

ते पत्रक भरतेशच्या खिशात होतं. ओलं होऊन चिकटलेलं.

मी सांगलीत येऊन सरांना हे सांगितलं होतं, एकटीनं, त्यांच्या घरी. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "मेंढपाळाचं काय ऐकतेस तू? त्यांना पैसे दिले की काहीही सांगतात." मी चहा संपवला. पुढच्या महिन्यात मंडळाची वर्गणी भरली.

साडेबाराच्या सुमाराला वाट फुटली. उजवीकडे वर दगडांची पहिली लगोरी दिसत होती. प्रेमसिंह तिकडे वळला. सरांनीही पाय तिकडेच टाकला आणि हात वर करून म्हणाले, "वरनं, मंडळी! वरनं जायचं."

त्यांना माहीत होतं. एवढी एक गोष्ट मला अजून पक्की माहीत नव्हती. ती तिथं कळली.

"सर, आणि तुमचे बाण?" मी मोठ्यानं विचारलं.

"ते काय... खाली आहेत ते."

"आम्ही बाण बघायलाच आलोय की! पंचवीस वर्षांच्या अंकात मुखपृष्ठावर सर आणि सरांचा बाण. काय हो लोंढे?"

"फोटो तर पाहिजेच," लोंढे म्हणाले.

"दहा मिनिटांचं काम," मी म्हणाले. "खाली जायचं, फोटो काढायचा, परत वर यायचं."

सर क्षणभर घुटमळले. मग फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा. शाल त्यांनी सॅकमधून बाहेर काढली.

खाली उतरलो तेव्हा एकला सात मिनिटं कमी होती. काठावर हत्तीएवढा खडक, आणि त्यावर तो बाण. सात-आठ हिवाळे खाऊनही ठळक होता. शेपटीला तीन दाते, टोक धारदार, खाली 'सु. गि. मं. सांगली'. टोक सरळ नाल्याकडे. आणि नाला म्हणजे पांढराशुभ्र सपाट बर्फ, उन्हात चकाकणारा, पलीकडच्या काठापर्यंत तीसेक पावलं. कुणालाही वाटावं, चला.

सर बाणाशेजारी उभे राहिले. बाळूनं फोटो काढले. तेवढ्यात तृप्तीनं काठावर वाकून आपली काठी बर्फात खुपसली. ती मुठीपर्यंत गेली. तिनं ती तशीच धरून कान लावला.

"खाली पाणी आहे," ती म्हणाली.

"असणारच," सर म्हणाले. "जूनमध्ये इकडनं कुणी जात नसतं. चला आता वर."

कुणी हललं नाही. बाळूनं मोबाइल खाली घेतला. "मग सर, बाण कशाला हाय हितं?"

"अरे, तो ऑक्टोबरचा बाण आहे."

"तसं लिवलंय कुठं?"

सर हसले. "लिहायचं काय त्यात? अक्कल असलेल्या माणसाला दिसतं."

मला वाटतं, शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ऐकू आले.  मला बोलावं लागलंच नाही. लोंढे माझ्याकडे बघत होते, तृप्ती माझ्याकडे बघत होती. शेवटी मी अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, भरतेश जूनमध्ये आला होता ना?"

"सुलोचना, हा विषय आत्ता..."

"त्यानं वाट सोडली, असं तुम्ही लिहिलंत. कुठली सोडली? ही, का वरची?"

"बाणाची वाट सोडली त्यानं. बाणापासनं बाजूला गेला असणार."

"म्हणजे बाणाची वाट बरोबर आहे."

"बरोबरच आहे!"

"जूनमध्येही?"

सरांचं नाक लाल झालं होतं, थंडीनं की कशानं. आठ माणसं समोर. त्यातली पाच त्यांची शाळेतली मुलं.

"राहू द्या सर," मी म्हणाले. "आता वय झालं तुमचं. मी अंकात लिहीन, की सरांचा बाण चुकला, पण सरांचं मन मोठं म्हणून त्यांनी कबूल केलं."

"माझा बाण आजवर चुकलेला नाही," सर म्हणाले. "सह्याद्रीत सव्वाशे बाण आहेत माझे. दोर काढ."

दोर माझ्या सॅकमध्ये होता. खरं सांगायचं तर तो प्रेमसिंहच्या अटीवर होता. आदल्या वर्षी मी त्याला काय हवंय ते सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बिडी ओढत बसला आणि म्हणाला होता, दोर असेल तर येतो, नसेल तर दुसरा माणूस बघ. त्यानं ती अट घातली नसती, तर मी दोर आणला असता का, हे मला कुणी विचारू नये.

"दहा पावलं जातो आणि येतो," सर दोराची गाठ कमरेला बसवून घेत म्हणाले. "बर्फ वाचता येतो मला. बाणाच्या रेषेत राहिलं की काही होत नाही."

"सर, नको," तृप्ती म्हणाली. ती माझ्याकडे वळली. "आक्का, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील ते."

"सरांना मी काय सांगणार?" मी म्हणाले.

प्रेमसिंहनं दोराचा वेढा त्या खडकाला घातला, बाणाच्या वरून. बाळू आणि लोंढे त्याच्या मागं धरून उभे राहिले. सरांनी शाल काढून लोंढ्यांच्या खांद्यावर टाकली आणि पाय बर्फावर ठेवला.

एक. दोन. तीन. चौथ्याला त्यांनी मागं वळून आमच्याकडे बघितलं आणि हात पसरून दाखवले, बघा म्हणून. पाच. सहा.

सातव्याला मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. दमलेल्या माणसानं उसासा टाकावा तसा आवाज झाला आणि सर काखेपर्यंत खाली गेले. दोर ताठ झाला. दोन्ही कोपर बर्फावर टेकवून ते लटकत होते, आणि त्यांच्या भोवतीच्या भोकातून पाण्याचा घोंघाट वर येत होता. टोपी उडून पलीकडे पडली होती.

"ओढा!" तृप्ती ओरडली.

"थांब," मी म्हणाले.

काठावर, दोराच्या शेजारी मी उकिडवी बसले. आमच्यात फार तर बारा फुटांचं अंतर होतं.

"सर, पाणी लागतंय का पायाला?"

"ओढा... मांडीपर्यंत... सुलोचना, ओढा!"

"ओढतो की. प्रेमसिंहनं धरलंय, खाली जाणार नाही तुम्ही. फक्त मला एवढं सांगा. भरतेशनं वाट सोडली होती का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. दाढेवर दाढ आपटत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. माणूस असा लटकत असतानाही हिशेब करतो, हे मी तेव्हा बघितलं. एक मिनिट गेलं असेल. मी घड्याळ बघितलं नाही असं म्हणणार नाही.

"आक्का, काय करताय तुम्ही!" लोंढे मागून म्हणाले.

"बोलतेय सरांशी."

"नाही," सर म्हणाले.

"काय नाही?"

"सोडली नाही."

"मोठ्यानं बोला सर. पाण्याचा आवाज फार आहे."

"त्यानं वाट सोडली नाही!"

"मग कुणाचं चुकलं?"

"बाण... बाण चुकला."

"बाण आपोआप उगवला का?"

"मी काढला! माझा बाण! मला माहीत होतं... नंतर कळलं होतं मला, पोरगं गेल्यावर... ओढ ना गं आता!"

"नंतर कळलं होतं, आणि मग लेख लिहिलात?"

त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

"मला ऐकू आलं. मागं लोंढ्यांना आलं नसेल. परत एकदा सांगा, पहिल्यापासून."

त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून. ओठ निळे पडले होते, शब्द तुटत होते, पण अख्खं सांगितलं. सरांचं एवढं थोडक्यातलं भाषण मी आयुष्यात ऐकलं नाही.

"अजून एकदा," मी म्हणाले.

"दीदी, बस," प्रेमसिंह म्हणाला. माझ्याकडे न बघताच त्यानं दोर खेचायला सुरुवात केली. बाळूनं खेचला, लोंढ्यांनी खेचला. शेवटी तृप्तीही जाऊन दोराला लागली. मी बाजूला झाले. दोराला हात लावला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे, आणि ते खरं आहे.

सर काठावर आले ते पोटावर, सरपटत. तृप्तीनं त्यांचे बूट कापून काढले, पाय आपल्या जाकिटात घेतले. ती रडत होती आणि काम करत होती. माझ्याकडे तिनं एकदाच बघितलं. त्यानंतर आजतागायत ती माझ्याशी बोललेली नाही. दात दुखला तर मी मिरजेला जाते.

खिंड राहिलीच. सरांना पाठीवर घेऊन प्रेमसिंह आणि बाळू आळीपाळीनं धाराटीपर्यंत उतरले. उजव्या पायाची दोन बोटं पुढं काढावी लागली.  परतीच्या गाडीत बाळू एकदा म्हणाला, "आक्का, तुम्ही लई वाईट माणूस आहात." जरा वेळानं म्हणाला, "पण सर तुमच्यापेक्षा वाईट." मग त्यानं शेंगदाणे पुढं केले.

त्या दिवाळीच्या अंकात सरांनी सहा ओळी लिहिल्या. मी काही सांगायला गेले नव्हते. आठ जणांनी ऐकलं होतं, आणि त्यातला एक बाळू होता, म्हणजे गणपती पेठेपासून विश्रामबागेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं होतं. 'भरतेश आरवाडे याने वाट सोडली नव्हती. तो माझ्या बाणावर होता. बाण ऑक्टोबरचा होता व तसे मी लिहिले नव्हते.' खाली सही. त्यात एकही अलंकार नव्हता.

पण अंक नंतरचा. घरी पोचले त्या दिवशी आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं, सत्कारापासून दोरापर्यंत, काही न गाळता. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला शिव्या घालेल. आमच्या घरात मुंगीवर पाय पडला तरी हळहळतात. ती पानं खुडत राहिली. सर जे बोलले, ते तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, त्या वाक्यासारखंच. मग देठं एका बाजूला केली.

"किती वेळ होता आत?" तिनं विचारलं.

"सहा-सात मिनिटं."

तिनं खुडलेली पानं चाळणीत टाकली.

"भरतेशला चाळीस लागली होती. तो मेंढपाळ म्हणाला होता ना तुला."

"हो."

आईनं पुढची जुडी उचलली, दोरा तोडला.

"लवकर काढलंस," ती म्हणाली.